सव्वासहा ते सव्वाआठ

२६ मे १९१३, न्यूकॅसल

टाइन नदीच्या काठी, आर्मस्ट्राँग व्हिटवर्थ कंपनीच्या गोदीत एका नव्या युद्धनौकेचा कणा बसवला गेला. गिऱ्हाईक नॉर्वेचे नौदल. किनारा राखायला नॉर्वेकडे चार चिलखती नौका होत्या. त्या जुन्या होत चालल्या होत्या, म्हणून आणखी दोन हव्या होत्या. एकीचे नाव ठरले निदारोस, दुसरीचे ब्यर्गविन. ट्रॉनहेम आणि बर्गेन या शहरांची ही जुनी नावे. हा घटनाक्रम ब्यर्गविनचा आहे.

८ ऑगस्ट १९१४

ब्यर्गविन पाण्यात उतरली. ब्रिटनने जर्मनीशी युद्ध पुकारले त्याला चार दिवस झाले होते.

त्याच आठवड्यात ब्रिटनने तुर्कस्तानसाठी बांधलेल्या दोन महाकाय युद्धनौका ताब्यात घेतल्या होत्या. त्यांतली एक आर्मस्ट्राँगच्याच गोदीत होती. चिलीसाठी बांधली जात असलेली तिसरीही पुढे ब्रिटिश नौदलाकडे गेली. नॉर्वे तटस्थ होता. त्याने आपल्या नौकांची दोन तृतीयांश किंमत चुकती केली होती.

जानेवारी १९१५

ब्रिटनने दोन्ही नौका विकत घेतल्या. नॉर्वेचे पैसे परत करण्याचे ठरले. निदारोसची गॉर्गन झाली आणि ब्यर्गविनची ग्लॅटन.

ग्लॅटन हे नाव ब्रिटिश आरमाराने पूर्वीही वापरले होते. १७९५ साली ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेतले एक व्यापारी जहाज आरमाराने विकत घेऊन त्यावर तोफा चढवल्या, त्याचे नाव ग्लॅटन होते. १८०१ मध्ये कोपनहेगनच्या लढाईत ते डेन्मार्क-नॉर्वेच्या संयुक्त आरमारावर तोफा डागत होते. नॉर्वेने मागवलेल्या नौकेला हेच नाव मिळाले.

१९१५ ते १९१७

मालक बदलला की जहाजात बरेच काही बदलावे लागते. नॉर्वेच्या तोफांना ब्रिटिश गोळे चालेनात. मोठ्या तोफांच्या नळ्या आतून नव्याने करून ९.२ इंची ब्रिटिश गोळ्यांजोग्या बनवल्या. तोफांचे तोंड जास्त वर उचलता यावे अशी सोय केली, त्यामुळे मारा ३९,००० यार्डांपर्यंत, म्हणजे सुमारे ३६ किलोमीटरपर्यंत पोहोचला. टॉर्पेडोपासून बचाव व्हावा म्हणून दोन्ही बाजूंना पोकळ फुगवटे जोडले. टॉर्पेडो फुटलाच तर फुगवट्यावर फुटेल आणि आतले जहाज शाबूत राहील, ही कल्पना. नौका सुमारे साडेत्र्याहत्तर फूट रुंद झाली. नॉर्वेच्या सुक्या गोदीत आता ती मावली नसती.

मे १९१५ मध्ये काम थांबवले, कारण आर्मस्ट्राँगला त्याहून मोठ्या, तातडीच्या नौका पुऱ्या करायच्या होत्या. सप्टेंबर १९१७ मध्ये ते पुन्हा सुरू झाले. मधले सुमारे अठ्ठावीस महिने दोन्ही नौका अर्धवट अवस्थेत पडून होत्या.

या काळात ब्रिटिश नौदल दुसऱ्याच एका गोष्टीने हादरले होते. त्याची जहाजे नांगरावर उभी असताना, शत्रूचा मागमूस नसताना, आपोआप फुटत होती. २६ नोव्हेंबर १९१४ रोजी शिअरनेसजवळ बुलवर्क फुटली, सातशेहून अधिक माणसे गेली. ३० डिसेंबर १९१५ रोजी क्रॉमर्टी खाडीत नाताल फुटली. ९ जुलै १९१७ रोजी स्कापा फ्लोमध्ये व्हॅनगार्ड फुटली, आठशेहून अधिक माणसे गेली. संशयाची सुई बहुतेक वेळा कॉर्डाइटकडे वळली. तोफगोळा फेकणारी ही दारू उष्णतेने बिघडते आणि बिघडली की स्वतःहून पेटू शकते. ती थंड ठेवणे हा म्हणून कळीचा प्रश्न होता.

ग्लॅटनमध्ये तो कागदावर नीट सोडवलेला होता. मधल्या ६ इंची तोफांचे दारूकोठार बॉयलरखाना आणि इंजिनघर यांच्यामध्ये होते. जागा वाईट होती, कारण एका बाजूला भट्ट्या आणि दुसऱ्या बाजूला यंत्रे. पण कोठाराच्या पोलादी पडदीला आतून ५ इंच जाडीचा बुचाचा थर होता, त्यावर पाऊण इंची लाकडी फळ्या होत्या आणि हवा गार ठेवणारी खास यंत्रणा होती. कोठारात तापमापक होता.

बुचाचा थर एकदा फळ्यांनी झाकला की त्यामागे काय आहे ते कुणालाच दिसत नाही. पडदीच्या पलीकडच्या बाजूचे मात्र सगळ्यांना दिसत होते.

जून १९१८

गॉर्गन आधी पुरी झाली आणि डोव्हर गस्ती पथकात दाखल झाली. बेल्जियमचा किनारा चार वर्षे जर्मनांच्या हाती होता. तिथल्या तोफखान्यांवर आणि तळांवर लांबून मारा करणे हे तिचे काम.

३१ ऑगस्ट १९१८

ग्लॅटन पुरी झाली. कणा बसवल्यापासून पाच वर्षे आणि तीन महिने उलटले होते. ५,७४६ टनांची, सुमारे तीनशे खलाशांची नौका.

तिच्याकडे सोळा दिवस होते.

११ सप्टेंबर, बुधवार

ग्लॅटन डोव्हरला आली. महिनाअखेर बेल्जियममध्ये मोठी चढाई होणार होती आणि समुद्राकडून तिला तोफांची साथ हवी होती. डोव्हरचे प्रमुख व्हाइस ॲडमिरल सर रॉजर कीज. एप्रिलमध्ये झीब्रुगचे बंदर बंद पाडण्यासाठी झालेला हल्ला त्यांनीच आखला होता. इतक्या लांब पल्ल्याची दुसरी नौका मिळणे ही त्यांच्या दृष्टीने मोठीच जमेची बाजू होती. ग्लॅटनचे कप्तान नेस्टन डिगल यांना नुकतीच कॅप्टनपदी बढती मिळाली होती.

११ ते १६ सप्टेंबर

बॉयलरखान्यातले आगवाले आपले रोजचे काम करत होते. भट्टीतून लालभडक राख आणि खंगर ओढून काढायचे, ते थोडे निवू द्यायचे आणि मग समुद्रात फेकणाऱ्या यंत्रातून बाहेर घालवायचे. निवायला जागा लागते. बॉयलरखान्यात मोकळी जागा कमी. हे ढीग पडदीला लावून ठेवण्याची सवय पडली होती. त्या पडदीच्या पलीकडे दारूकोठार होते.

या सवयीबद्दल आगवाल्यांना दोष द्यावा असे मला वाटत नाही. भट्टीसमोर उभ्या माणसाला पुढची भिंत भिंतच दिसते. पाच इंच बूच, वर लाकूड आणि गार हवा, हे सगळे ज्यांनी आखले त्यांनी ही भिंत सुरक्षित आहे असेच गृहीत धरले होते. तापमापकाचेही तेच म्हणणे होते. नोंदींनुसार कोठारातले तापमान कधी ८३ अंश फॅरनहाइटच्या, म्हणजे २८ अंश सेल्सिअसच्या, वर गेले नव्हते. मुंबईतल्या एखाद्या घरात जानेवारीच्या दुपारी असते तेवढेच.

तापमापक कोठारातल्या हवेचे तापमान सांगत होता. पडदी आणि फळ्या यांच्यामधली पाच इंचांची जागा त्याच्या नजरेबाहेर होती.

१६ सप्टेंबर, सोमवार, संध्याकाळ

ग्लॅटन डोव्हरच्या बंदरात उभी होती. तिच्यापासून १५० यार्डांवर, म्हणजे जेमतेम १४० मीटरवर, ग्रान्शा हे दारूगोळा वाहणारे जहाज होते आणि तेही भरलेले. बंदराला लागूनच डोव्हर शहर.

कीज आणि डिगल बंदरावरच्या कड्यांवर फिरायला गेले होते. खालचे बंदर तिथून पूर्ण दिसते.

६.१५

ग्लॅटनच्या मध्यभागी स्फोट झाला. बुलवर्क किंवा व्हॅनगार्डसारखी नौका एका क्षणात नाहीशी झाली नाही. स्फोट कमी जोराचा होता, पण त्याने मधल्या कोठारातले कॉर्डाइट पेटले. उजव्या बाजूच्या मधल्या तोफेच्या बुरुजाचे छत फोडून ज्वाळा वर आल्या आणि मागच्या भागाकडे सरकू लागल्या. इंधनाचे तेलही पेटले.

नौकेचे सर्जन एडवर्ड ॲटकिन्सन आपल्या केबिनमध्ये काम करत होते. स्फोटाने ते बेशुद्ध पडले. ॲटकिन्सन हे स्कॉटच्या दक्षिण ध्रुव मोहिमेतले. १२ नोव्हेंबर १९१२ रोजी स्कॉट आणि त्याच्या साथीदारांचा तंबू ज्या तुकडीला सापडला, तिचे नेतृत्व त्यांच्याकडे होते. शुद्धीवर आले तेव्हा केबिनबाहेरची जागा दाट धुराने भरली होती. वर जाणारी एकच शिडी शाबूत होती. तिच्यावरून त्यांनी दोन बेशुद्ध माणसांना वर आणले. तिसऱ्याला घेऊन येत असताना, ते शिडीवर असतानाच, दुसरा लहान स्फोट झाला. त्यांना दिसेनासे झाले. धातूचा एक तुकडा डाव्या पायात असा घुसला की तो स्वतः उपसून काढेपर्यंत त्यांना हलता येईना. तो काढून त्यांनी तिसऱ्या माणसाला वर ठेवले. मग आंधळ्यासारखे चाचपडत पुढे गेले, हाताला आणखी दोन बेशुद्ध माणसे लागली, त्यांनाही बाहेर काढले. नंतर ते स्वतः वरच्या डेकवर जवळपास बेशुद्ध अवस्थेत सापडले.

त्यानंतरची मिनिटे

कड्यावरून कीज आणि डिगल धावत खाली आले. बंदरातल्या टग बोटी पाण्याचा मारा करू लागल्या. इतर नौकांच्या होड्या पाण्यात पडलेल्यांना उचलू लागल्या.

नौकेवर उरलेल्यांनी पुढच्या दारूकोठारात पाणी सोडले. ते भिजले. मागच्या कोठाराच्या पाण्याच्या झडपांपर्यंत मात्र जाताच येईना, मध्ये आग होती. पुढचा धोका संपला, मागचा तसाच उभा होता आणि आग मागेच सरकत होती.

मागचे कोठार फुटले असते तर १४० मीटरवरचे ग्रान्शा बहुधा त्याच्याबरोबर फुटले असते. ग्रान्शा फुटले असते तर डोव्हर शहराचा मोठा भाग उरला नसता.

सुमारे ७ वाजता

उपाय एकच होता. आग पाण्याने विझत नसेल तर पेटलेली नौकाच पाण्याखाली घालायची. म्हणजे ब्रिटिश युद्धनौकेवर, ब्रिटिश बंदरात, ब्रिटिश टॉर्पेडो सोडायचे. आत माणसे अडकलेली होती. सगळी मेलेली नव्हती.

हा हुकूम कीजनी दिला.

मुंबईच्या माणसाला इथे थांबावेच लागते. १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टिकीन जहाजाला आग लागली. आत सुमारे १,४०० टन स्फोटके होती आणि त्यांच्या जोडीला कापसाच्या गासड्या. दुपारी दोनच्या सुमारास आग विझवायला सुरुवात झाली. जहाज बुडवायचे, बाहेर समुद्रात न्यायचे की जागेवरच विझवायचे, यावर धक्क्यावर बरेच अधिकारी बोलत होते. बुडवा, असा शेवटचा शब्द कुणी उच्चारला नाही. चार वाजून सहा मिनिटांनी ते फुटले, अर्ध्या तासाने दुसरा स्फोट झाला. शेकडो माणसे गेली, त्यांत आगीशी झुंजणारे अग्निशामक दलाचे ६६ जवान होते. तो दिवस आजही देशभर अग्निशमन दिन म्हणून पाळला जातो. मुंबईत आग दिसल्यापासून पहिल्या स्फोटापर्यंत जेवढा वेळ मिळाला, जवळपास तेवढाच डोव्हरमध्ये मिळाला होता. कीजचा हुकूम निर्दय होता का, हा प्रश्न मला पडतो तेव्हा मी मुंबईच्या त्या दुपारकडे पाहतो, आणि मग मला तो तसा वाटत नाही.

७.४०

नुकतीच बंदरात आलेली विनाशिका कोसॅक पुढे सरकली. कीज तिच्यावर चढले होते. दिवस मावळला होता. ग्लॅटनच्या ज्वाळांनी बंदर उजळले होते.

कोसॅकने १८ इंची टॉर्पेडो सोडला. तो ग्लॅटनवर जाऊन आदळला आणि फुटला नाही. टॉर्पेडोची कळ पाण्यातून काही अंतर कापल्यावरच सज्ज होते, सोडणाऱ्या जहाजाचा घात होऊ नये म्हणून. कोसॅक फार जवळ होती.

७.४० ते ८

होड्यांतून माणसे वाचवणाऱ्यांपैकी चौघे आपण होऊन ग्लॅटनवर चढले. लेफ्टनंट जॉर्ज बेल्बेन, सब-लेफ्टनंट डेव्हिड इव्हान्स, पेटी ऑफिसर अल्बर्ट स्टोकर आणि खलाशी एडवर्ड नन. मागचे कोठार कोणत्याही क्षणी फुटेल हे त्यांना माहीत होते. विषारी धुरासाठीचे मुखवटे अजून आलेले नव्हते. वरच्या डेकवर त्यांना पंधरा जण जिवंत सापडले. ते खाली, खलाशांच्या राहण्या-जेवण्याच्या मजल्यावर उतरले. आगीने त्यांना एकदा बाहेर हुसकावले.

८.००

कोसॅकने दुसरा टॉर्पेडो सोडला. हा फुटला. ग्लॅटनच्या कुशीत भोक पडले, पण ती बुडाली नाही.

१८ इंची टॉर्पेडोत स्फोटके २०० पौंड, म्हणजे सुमारे ९० किलो. एवढ्याने बाजूचा फुगवटा फाटला, पण त्यामागचे जहाज शाबूत राहिले. टाइनच्या काठी जोडलेले फुगवटे याचसाठी होते आणि त्यांनी नेमके तेच केले.

दुसऱ्या टॉर्पेडोने पाणी आत शिरले आणि ज्वाळा थोड्या दबल्या. ते पाहताच चौघे पुन्हा खाली उतरले. खालच्या मजल्यावरून त्यांनी सात-आठ गंभीर जखमींना बाहेर काढले. आणखी कुणी मिळण्याची शक्यता संपेपर्यंत ते थांबले.

आग पुन्हा भडकली. मागचे कोठार अजून कोरडेच होते.

८.१५

कीज कोसॅकवरून विनाशिका मिंग्जवर गेले. तिच्याकडे २१ इंची, जास्त जोराचे टॉर्पेडो होते. नेम धरला तो आधी पडलेल्या भोकावर, म्हणजे फुगवट्याच्या आडोशाला वगळून थेट आत.

ग्लॅटन एका कुशीवर कलली आणि उलटली. डोलकाठ्या आणि वरचे बांधकाम बंदराच्या तळाला टेकले. आग विझली.

ग्रान्शा फुटले नाही. डोव्हर शहराला काही झाले नाही. पहिल्या स्फोटापासून बरोबर दोन तास झाले होते.

१७ सप्टेंबर आणि नंतर

साठ माणसे जागीच गेली होती. १२४ जखमी झाले, त्यांपैकी १९ भाजल्यामुळे नंतर दगावले. एकूण ७९. ग्लॅटनने शत्रूवर एकही गोळा डागला नव्हता.

ॲटकिन्सन जगतील असे कित्येक दिवस कुणाला वाटत नव्हते. ते जगले. त्यांना आणि त्या चौघांना अल्बर्ट पदक मिळाले. शत्रूसमोर नसताना दाखवलेल्या धैर्यासाठीचा तो सन्मान होता. बरोबर आठ आठवड्यांनी, ११ नोव्हेंबरच्या सोमवारी, युद्ध थांबले.

ग्लॅटनचे काय झाले ते इथेच सांगून टाकतो. सात वर्षे ती डोव्हर बंदरात आडवी पडून होती, ओहोटीला तिचे पोट दिसायचे. ती हलवायला जहाज-उचल कंपन्या सरासरी ४५,००० पौंड मागत होत्या. बंदर मंडळाला ते परवडेना. बंदरप्रमुख कॅप्टन जॉन आयर्न म्हणाले, बंदरातलीच साधने द्या, मी ५,००० पौंडांत करतो. मे १९२५ मध्ये काम सुरू झाले. तिच्या खालून १२,००० टन गाळ काढला, डोलकाठी आणि वरचे बांधकाम सुरुंगाने उडवले, वरची सगळी भोके बुजवून कप्प्याकप्प्यांत हवा भरली. २ डिसेंबर १९२५ रोजी ती गाळातून सुटली. भरतीच्या मदतीने तिला थोडीथोडी सरकवत १६ मार्च १९२६ रोजी किनाऱ्यालगतच्या एका खोल घळीत नेऊन सोडले. खर्च अंदाजाच्या दुपटीहून अधिक झाला, पण १२,००० पौंडांच्या आत राहिला. पुढे त्या जागेवर भराव पडला आणि आता तिथे मोटारी नेणाऱ्या फेरीबोटींचा तळ आहे.

चौकशी

चौकशी न्यायालय लगेच बसले. स्फोट मधल्या ६ इंची कोठारात झाला हे ठरवायला वेळ लागला नाही. का झाला, हे मात्र सुटेना.

पहिला संशय कॉर्डाइटवर. पण कोठार गार होते, नोंदी तसे सांगत होत्या. मग आगवाल्यांची सवय पुढे आली. कोठार जळून गेले होते, पण तसेच दुसरे शिल्लक होते गॉर्गनमध्ये. ते रिकामे करून तपासले. बुचामागे पोलादी पडदीला गंजू नये म्हणून रेड लेडचा शेंदरी थर दिलेला होता. त्याला फोड आले होते. नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीने चाचणी करून सांगितले की हा रंग किमान ४०० अंश फॅरनहाइटपर्यंत, म्हणजे दोनशेहून अधिक सेल्सिअसपर्यंत तापलेला आहे.

मग प्रत्यक्ष करून पाहिले. पडदीला लालबुंद राख लावली आणि पलीकडे बुचात किती तापते ते मोजले. तापमान ७० अंश फॅरनहाइट भरले. कुठेतरी एखाद्या ठिकाणी १५०. एवढ्याने काही पेटत नाही. दुसऱ्या चाचण्यांत दिसले की फार तापलेल्या बुचातून, हवेचा दाब असेल तर, जळणारे वायू निघतात.

एप्रिल १९१९ मध्ये न्यायालयाने निष्कर्ष दिला. कोठाराच्या बुचाचा थर आतल्या आत धुमसत राहिला, त्याने कोठार आणि कॉर्डाइट पेटले. या निष्कर्षाने न्यायालयाचे स्वतःचेच पुरते समाधान झाले नव्हते, आणि ते बरोबरच होते. पडदी नीट बांधलेली असती तर राखेच्या ढिगाने बूच पेटायला नको होते. त्यांच्या स्वतःच्या चाचणीनेच तसे दाखवले होते.

खबरदारी म्हणून गॉर्गनमधले बूच पूर्ण काढून त्या जागी न जळणारे सिलिकेट वूल भरायचे ठरले. फळ्या उतरवल्या, थर सोलला. काही ठिकाणी बूच बसवलेलेच नव्हते. त्या रिकाम्या जागेत वर्तमानपत्रांच्या घड्या होत्या. बांधणीच्या वेळी गोदीतल्या कामगारांनी सोडलेल्या. आणि पडदीत काही ठिकाणी रिवेट मारलेलेच नव्हते. तिथे अर्धा इंची भोके उघडी होती.

आता सगळे जुळते. बॉयलर जोरात चालावेत म्हणून बॉयलरखान्यात पंख्यांनी हवा दाबून भरलेली असते. पडदीशी लाल राख रचलेली. राखेच्या मागे उघडे भोक, भोकापलीकडे सुका कागद, कागदापलीकडे बूच. निखारा आत जाण्यापुरती वाट आहे आणि आग जिवंत ठेवायला दाबलेली हवा त्याच वाटेने सतत येते आहे. बूच धुमसते, वायू सोडते, आणि यातले काहीही पाऊण इंची फळीच्या अलीकडे टांगलेल्या तापमापकाला कळत नाही. चौकशीतल्या चाचणीत हे दिसले नाही, कारण त्या पडदीला ही भोके नव्हती.

मला या प्रकरणातला एकच माणूस शोधावासा वाटला असता तर तो आगवाला नसता, कामगारही नसता. फळ्या ठोकायच्या आधी पडदीवर दिवा धरून रिवेट मोजायचे काम ज्याचे होते, तो. काम मध्येच थांबले, मालक बदलला, आराखडे बदलले, शेवटी घाई होती. अशा जहाजावर हे एक काम राहून जाणे शक्य होते, आणि तेच राहून गेले.

दोन्ही नौका एकाच आराखड्यावर, एकाच कंपनीने, एकाच काळात बांधल्या होत्या. गॉर्गन त्या पडदीसह जून १९१८ पासून समुद्रावर होती. त्याच भोकांसह, त्याच कागदासह, आणि रंगाला फोड आणणाऱ्या त्याच उष्णतेसह ती बेल्जियमच्या किनाऱ्यावर तोफा डागत होती. ग्लॅटन बुडाल्यानंतरही, १५ ऑक्टोबरपर्यंत. तिच्यावर सुमारे तीनशे माणसे होती. युद्धानंतर ती नॉर्वेला परत देऊ केली गेली, पण तिथल्या गोदीत ती मावत नव्हती, म्हणून नॉर्वेने घेतली नाही. १९२८ साली ती भंगारात निघाली.